अन्नमदतीने भूक कमी होते, ती नेमकी कशी?

प्रश्न असा आहे: सरकार गरीब घरांना कुठे स्वस्त धान्य देतं, कुठे कूपन देतं, कुठे खात्यात पैसे टाकतं, शाळेत मुलांना जेवू घालतं. इतकं करूनही अर्धपोटी माणसं आहेतच. मग या योजनांनी भूक खरंच कमी होते का? होत असेल तर कशाने? आणि धान्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा सरळ पैसेच दिलेले काय वाईट?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर हो, कमी होते, आणि इतर सामाजिक योजनांच्या मानाने याचा पुरावा बराच भक्कम आहे. मात्र गोणीभर धान्य आलं आणि रिकामं पोट भरलं, इतकं ते सरळ नसतं. माझं बरंचसं काम अशा योजना घरापर्यंत पोचतात का आणि पोचल्यावर घरात काय बदलतं, हे तपासण्याचं आहे. त्यातून माझं मत असं झालंय की काय दिलं याला आपण फार महत्त्व देतो आणि किती खात्रीने दिलं याला फार कमी. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापाने, कुणाच्या हातापाया न पडता मिळणार, ही खात्री घरातले बाकीचे सगळे हिशेब बदलून टाकते.

आधी भूक घरात कशी शिरते ते पाहू. दिवसचे दिवस चूल न पेटणं ही दुष्काळातली, युद्धातली भूक. हातावर पोट असलेल्या घरातली भूक येते-जाते आणि तिला एक क्रम असतो. पैसे कमी पडायला लागले की आधी ताटातली विविधता जाते. महागाचं जातं, मग ताजं जातं, उरतं ते नुसतं पोटभरीचं. पुढे त्याचंही माप घटतं. मग मोठी माणसं एखादी वेळ टाळतात, त्यातही बहुधा घरातली बाई आधी. मुलांच्या ताटाला हात लागतो तो सगळ्यात शेवटी. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना जगभर वापरते ती आठ प्रश्नांची प्रश्नावली याच क्रमावर बांधलेली आहे. पुरेसं खायला मिळेल की नाही याची काळजी वाटली का, इथून ती सुरू होते आणि अख्खा दिवस काहीही न खाता काढावा लागला का, इथवर जाते.

हे प्रश्न विचारायलाही हात बसावा लागतो. ‘जेवण टाळलंत का?’ असं थेट विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं. परक्या माणसासमोर कोण कबूल करणार? ‘काल रात्री शेवटी कोण जेवलं आणि तेव्हा भांड्यात काय उरलं होतं?’ असं विचारलं की बाई जरा थांबते आणि म्हणते, ‘मला तशी भूकच नव्हती.’ महिनाअखेरीला ही ‘भूकच नव्हती’ची साथ घराघरांत एकदम पसरते.

कात्री नेहमी अन्नालाच का लागते? घरभाडं थकवलं तर मालक बाहेर काढतो. कर्जाचा हप्ता चुकला तर वसुलीवाला दारात येतो. कामावर जायचं भाडं वाचवलं तर कामच जातं. औषध काही दिवस ढकलता येतं, फार नाही. अन्न हा एकच खर्च असा आहे की तो निम्म्यावर आणला तरी दुसऱ्या दिवशी कुणी जाब विचारायला येत नाही. म्हणून आजारपण असो, खाडा असो की भाडेवाढ, कुठलीही ओढाताण शेवटी ताटावर येऊन आदळते. अशा घरात भुकेचं कारण बाजारात अन्न नसणं हे क्वचितच असतं. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी हेच दाखवलं होतं: उपलब्ध धान्य काही इतकं घटलं नव्हतं, भूमिहीन मजुरांची आणि कारागिरांची ते मिळवण्याची ऐपत कोसळली होती.

आता मदत आल्यावर काय होतं ते. समजा एका घराची महिन्याची कमाई शंभर भाग आहे आणि त्यातले साठ अन्नावर जातात. सरकारने वीस भागांचं धान्य दिलं. हे घर वीस भाग जास्त धान्य खाईल का? नाही. धान्य ते आधीही घेतच होतं, कारण तोडायची वेळ आली तरी पोटभरीचं शेवटी तुटतं. आता त्यासाठी लागणारे पैसे सुटतात. त्यातले काही पुन्हा अन्नावरच जातात, पण वरच्या पायऱ्यांवर: डाळ, तेल, भाजी, दूध. काही उधारी चुकवण्यात जातात, काही औषधात. म्हणजे धान्य मिळालेल्या घरात धान्याचा खप फारसा वाढलेला दिसला नाही, म्हणून योजना फसली असं म्हणता येत नाही. फरक दुसऱ्या ओळीत पडलेला असतो आणि पाहणारा पहिल्याच ओळीत बोट ठेवून बसलेला असतो.

पाठ्यपुस्तकातलं अर्थशास्त्र इथे म्हणेल की मग ते वीस भाग रोख दिले काय आणि अन्नाच्या रूपात दिले काय, परिणाम एकच. प्रत्यक्षात तसं दिसत नाही. हेस्टिंग्ज आणि शापिरो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या एका किराणा साखळीच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या. २०१८मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार अन्नमदतीच्या कार्डावर एक डॉलर आला की अन्नखरेदी ५० ते ६० सेंटनी वाढते. तोच डॉलर रोख आला तर वाढ १० सेंटच्या वर जात नाही. माणसं पैशांचे मनातल्या मनात कप्पे करतात. अन्नाचे म्हणून आलेले पैसे अन्नाच्याच कप्प्यात पडतात आणि भाड्याच्या हाताला ते सहसा लागत नाहीत.

उरलेले ४०-५० सेंट ‘भलतीकडे’ गेले म्हणून नाक मुरडणारे मला बैठकांत नेहमी भेटतात. भाडं वेळेवर गेलं, इंजेक्शन वेळेवर झालं, ही भलतीकडची यादी असेल तर माझी हरकत नाही. पुढच्या महिन्याची भूक तिथेच अडते.

खात्रीचा मुद्दा इथे येतो. मदत येणार हे नक्की असलं की घर आगाऊ वागू शकतं. दुकानदार उधारी देतो, कारण फेड होणार हे त्यालाही ठाऊक असतं. पेरणीच्या तोंडावर बियाणं खाल्लं जात नाही. घरातलं जनावर, शिलाई मशीन, सायकल असं कमाईचं साधन पडेल भावात विकावं लागत नाही. हीच मदत कधी आली, कधी नाही, कधी दोन महिन्यांची एकदम, अशी आली तर एकूण किलो तेवढेच भरतात, पण घर तिच्यावर विसंबू शकत नाही आणि आधीसारखंच चिमटे काढत राहतं. इथिओपियात वर्षानुवर्षं दुष्काळ पडला की आंतरराष्ट्रीय मदतीची हाक द्यायची आणि धान्य येईपर्यंत लोकांनी तग धरायचा, असं चालत आलं होतं. २००५मध्ये तिथे सुरू झालेल्या उत्पादक सुरक्षा जाळे कार्यक्रमाने हे चक्र मोडायचा प्रयत्न केला. दरवर्षी ज्यांना तुटवडा पडतोच अशी घरं आधीच ठरवायची, त्यांना ठरलेल्या महिन्यांत धान्य किंवा पैसे द्यायचे. धडधाकट माणसांकडून सार्वजनिक काम करून घ्यायचं, वृद्ध-आजारी लोकांना कामाशिवाय द्यायचं. तुटवड्याचे महिने त्यातून कमी झाले, आणि ज्या घरांना मदत जास्त वर्षं, जास्त नियमित मिळाली तिथे ते अधिक कमी झाले.

‘पुरावा भक्कम’ असं मी वर म्हटलं, त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे एक सापळा आहे. मदत घेणारी घरं आणि न घेणारी गरीब घरं यांची नुसती तुलना केली तर मदत घेणाऱ्यांत भूक जास्त दिसते. ते स्वाभाविक आहे. ज्यांची अवस्था बिकट तेच रांगेत उभे राहतात, आणि बहुतेक जण अवस्था बिकट होत असतानाच नाव नोंदवतात. या आकड्यावरून ‘योजनेने भूक वाढते’ असे मथळे निघालेलेही मी पाहिले आहेत. म्हणून नुसती तुलना सोडून असे प्रसंग शोधावे लागतात जिथे मदत कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हे त्या घरांच्या गरजेवरून ठरलेलं नव्हतं.

असे प्रसंग सर्वांत जास्त अमेरिकेत सापडतात, कारण तिथे योजना जुनी आहे आणि नोंदी चोख. १९६१ ते १९७५ या काळात फूड स्टॅम्प, म्हणजे फक्त अन्नखरेदीला चालणाऱ्या सरकारी कूपनांची योजना तिथल्या एकेका काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) टप्प्याटप्प्याने पोचली. त्यामुळे एकाच पिढीतल्या काही मुलांना लहानपणी ती मिळाली, काहींना शेजारच्या काउंटीत जन्मल्यामुळे नाही. होयन्स, शान्झेनबाख आणि आल्मंड यांनी या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. लहानपणी योजना मिळालेल्यांत लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह अशा तक्रारींचा गट कमी आढळला आणि स्त्रियांमध्ये स्वतःच्या पायावर उभं राहण्याचं प्रमाण जास्त. गरोदरपणात योजना मिळालेल्या मातांच्या बाळांचं जन्मवजनही सुधारलेलं होतं. आकडेवारीच्या आधी डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. १९६७मध्ये फील्ड फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने मिसिसिपी राज्यात पाठवलेल्या डॉक्टरांच्या पथकाला कुपोषणाने सुकलेली मुलं सापडली. दहा वर्षांनी डॉक्टर पुन्हा त्याच भागांत गेले. गरिबी तशीच होती, घरं तशीच होती. तसं उघडंनागडं कुपोषण मात्र फारच कमी झालं होतं, आणि त्याचं श्रेय त्यांनी मधल्या काळात वाढलेल्या अन्नयोजनांना दिलं.

अलीकडचं उदाहरण २००९चं. मंदी ऐन भरात असताना एप्रिलपासून तिथली कमाल अन्नमदत १३.६ टक्क्यांनी वाढवली. नोकऱ्या जात होत्या, म्हणजे भूक वाढायला हवी होती. पण कृषी खात्याच्या पाहणीत कमी उत्पन्नाच्या घरांतली अन्नाची ओढाताण डिसेंबर २००८ ते डिसेंबर २००९ या वर्षात २.२ टक्के बिंदूंनी घटली. उलट दिशेचं चित्र महासाथीनंतर दिसलं. अशी ओढाताण असलेल्या घरांचं देशभरातलं प्रमाण २०२१मध्ये १०.२ टक्के होतं. महासाथीतली वाढीव मदत एकेक करून संपली, महागाईही चढली, आणि २०२३मध्ये ते १३.५ टक्क्यांवर गेलं. यातला किती वाटा कशाचा यावर वाद घालता येईल. पण शाळांच्या उन्हाळी सुट्टीतला प्रयोग वादाला फारशी जागा ठेवत नाही. शाळेत फुकट जेवण मिळणाऱ्या मुलांची सुट्टीत आबाळ होते. २०११ ते २०१३ दरम्यान सोडत काढून काही घरांना सुट्टीत दर मुलामागे महिना ६० डॉलरचं अन्नकार्ड दिलं. मुलांमधली तीव्र उपासमार त्या घरांत तब्बल एक तृतीयांशाने कमी झाली. २०२४पासून ही मदत कायमची झाली आहे.

इतकं चांगलं चालतं तर भूक उरतेच कशी? पहिलं कारण रक्कम किंवा माप अपुरं असणं. शापिरो यांच्याच आधीच्या एका अभ्यासात फूड स्टॅम्प घेणाऱ्या लोकांचे दिवसाचे उष्मांक महिन्याच्या सुरुवातीपासून अखेरपर्यंत १० ते १५ टक्क्यांनी घसरत गेलेले दिसतात. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींत याचा पुढचा भाग सापडतो. रक्तातली साखर एकदम उतरल्यामुळे दाखल होणाऱ्या कमी उत्पन्नाच्या रुग्णांचं प्रमाण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पहिल्या आठवड्यापेक्षा २७ टक्क्यांनी जास्त होतं. सुखवस्तू रुग्णांत असा चढ-उतार नव्हता. मधुमेहाची गोळी घेतली, पण खायला नव्हतं, असा हा सरळ प्रकार. ‘या लोकांना पैसे पुरवून वापरता येत नाहीत’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तीन आठवड्यांचंच मिळालं असेल तर चौथा आठवडा कुठून पुरवायचा? महिन्यातून दोनदा वाटप केलं तर घसरण थोडी सपाट होते, पण ज्या घरांना एकदाच गाडीभाडं करून महिन्याचं सामान आणायचं असतं त्यांना ते परवडत नाही. अशा बाबतीत कार्यालयात बसून ठरवण्यापेक्षा घेणाऱ्याला निवड द्यावी, हे बरं.

दुसरा घात महागाई करते. श्रीलंकेने १९७९मध्ये स्वस्त तांदळाच्या रेशनऐवजी रुपयांतलं अन्नकूपन आणलं. कूपनवरची रक्कम मात्र भाववाढीशी जोडली नाही. काही वर्षांतच त्यात मिळणारं अन्न निम्म्याच्या आसपास आलं आणि सर्वांत गरीब घरांचा आहार घटला. योजना बंद करायची नसली, पण खर्च कमी करायचा असला, की सरकारांना ही वाट फार सोयीची पडते: काही करायचंच नाही, भाव आपोआप काम करतात. किलोत दिलेल्या मदतीचा इथे मोठा फायदा आहे. भारताच्या २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना ५ किलो धान्य ठरलं आहे. बाजारात भाव दुप्पट झाला तरी ते ५ किलोच राहतं, झळ सरकार सोसतं.

धान्य की पैसे, या वादाचं उत्तर म्हणूनच ‘कुठे आणि कधी’ यावर ठरतं. जागतिक अन्न कार्यक्रमाने २०११मध्ये उत्तर इक्वाडोरमध्ये काही भागांत अन्न, काहींत कूपन, काहींत तितक्याच मोलाची रोख दिली आणि तुलना केली. आहार तिन्हींनी सुधारला. उष्मांक अन्नाने जास्त वाढले, आहारातली विविधता कूपनने जास्त वाढली, आणि वाटायला सर्वांत महाग पडलं ते अन्नच. बाजार भरलेला आणि जवळ असेल तर अन्न वाहून नेण्यात पैसा वाया जातो, हे त्यातून दिसतं. नायजरमध्ये मात्र अशाच तुलनेत आहार अन्न मिळालेल्या घरांत अधिक सुधारला. रोख मिळालेल्यांनी पुढच्या टंचाईच्या भीतीने धान्य घाऊक भरून ठेवलं. तेही शहाणपणाचंच होतं. मेक्सिकोच्या दुर्गम खेड्यांत आणखी एक गोष्ट कळली. खेड्यात बाहेरून अन्नाची खोकी आली तेव्हा गावच्या दुकानातले भाव उतरले, म्हणजे योजनेबाहेरच्या गरिबालाही थोडा दिलासा मिळाला. रोखीने तसं होत नाही. मोजकी दुकानं असलेल्या गावात हा फरक लहान नसतो.

मला स्वतःला विचाराल तर शहरांत आणि भरल्या बाजारांत कार्ड किंवा रोख, दुर्गम भागांत आणि भाव उसळलेल्या काळात धान्य, आणि जिथे चालू व्यवस्था लोकांना नीट मिळते आहे तिथे केवळ नवेपणाच्या हौसेने तिला हात लावू नये.

आता सर्वांत दुर्लक्षित भाग: नाव यादीत असणं आणि हातात पडणं. अमेरिकेची पहिली फूड स्टॅम्प योजना १६ मे १९३९ रोजी रॉचेस्टर शहरात सुरू झाली. नारिंगी स्टॅम्प विकत घ्यायचे, दर डॉलरमागे ५० सेंटचे निळे फुकट मिळायचे. १९६४च्या कायद्यातही आधी पैसे भरायची अट राहिली. म्हणजे ज्याच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला रोकड नाही, तोच बाहेर. १९७७च्या कायद्याने ही अट काढली. १९७९च्या जानेवारीत ती प्रत्यक्ष उठली आणि एका महिन्यात घेणाऱ्यांची संख्या सुमारे १५ लाखांनी वाढली. इतके लोक त्या महिन्यात गरीब झाले नव्हते. ते आधीपासूनच दाराबाहेर उभे होते.

इंडोनेशियात कागदावर घरटी १५ किलो स्वस्त तांदूळ होता. पात्र घरांना त्याचा साधारण तिसरा हिस्सा मिळायचा, कारण गावपातळीवर तो सगळ्यांत थोडा थोडा वाटला जाई आणि काही वाटेतच जिरे. संशोधकांनी काही गावांत पात्र घरांना फक्त एक कार्ड पोस्टाने पाठवलं: तुम्ही पात्र आहात, तुमचा हक्क इतका. तांदूळ वाढवला नाही, दुकान बदललं नाही. त्या घरांना मिळणारं अनुदान २६ टक्क्यांनी वाढलं. आपलं माप किती आहे हे माहीत असलेल्या माणसाला कमी देणं अवघड जातं. पुढे तिथे तांदळाऐवजी इलेक्ट्रॉनिक कूपन आलं. १०५ जिल्ह्यांत ते कुठे आधी आणायचं हे सोडतीने ठरवल्यामुळे तुलना स्वच्छ झाली: पात्र घरांना ४६ टक्के जास्त मदत पोचली.

तंत्रज्ञान आलं की गळती थांबते, असा निष्कर्ष यावरून घाईने काढू नये. झारखंडमध्ये रेशनवर अंगठ्याची ओळख सक्तीची केली तेव्हाच्या अभ्यासात सुरुवातीला गळती घटल्याचं दिसलं नाही, उलट ज्यांची कार्डं आधारशी जोडलेली नव्हती त्यांना मिळणारा लाभ सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. दुकानासमोरच्या रांगेत हे कसं दिसतं? दगडमातीचं काम करून बोटांच्या रेषा गेलेल्या. अंगठा लागत नाही. पुसून पुन्हा, मग दुसरं बोट. मग ‘सर्व्हर नाही, उद्या या’. उद्या यायचं म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या मजुरीवर पाणी. दोन-तीन खेपांत मिळणाऱ्या धान्याची किंमत आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब माणूस मनात करतो आणि यायचं सोडतो. दप्तरात तो ‘लाभ न उचललेला’ म्हणून जातो आणि वर बचत झाली म्हणून सांगितलं जातं. याउलट छत्तीसगडने २००४नंतर रेशन दुकानं खासगी चालकांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था, बचत गट यांच्याकडे दिली, दुकानापर्यंत माल पोचवायची जबाबदारी सरकारने घेतली, कार्डं मोठ्या प्रमाणावर वाढवली. निम्म्याच्या आसपास असलेली गळती २००९-१०पर्यंत १० टक्क्यांच्या घरात आली. घेणारे इतके झाले की दुकान बंद राहिलं तर ओरड करणारेही पुरेसे झाले.

याच कारणासाठी मी काटेकोर निवडीपेक्षा सढळ निवडीच्या बाजूचा आहे. चुकून एखाद्या बऱ्या घराला मिळालं तर पैसा जातो. चुकून खऱ्या गरजूला वगळलं तर पोट जातं, आणि गरीब घरांची कमाई महिन्यागणिक इतकी हलते की रेषेच्या अलीकडे-पलीकडे कोण, हे मागच्या वर्षीच्या यादीवरून कळत नाही.

‘फुकट मिळालं की लोक काम करत नाहीत’ हा आक्षेप आल्यावाचून राहत नाही. फूड स्टॅम्प सुरू झाले तेव्हा एकट्या मातांच्या घरांत कामाचे तास काहीसे घटल्याचं आढळलं होतं, ते लपवायचं कारण नाही. पण कामाची सक्ती हा त्यावरचा उपाय ठरत नाही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या नोंदींवरून, ज्या धडधाकट प्रौढांना कामाची ही अट पुन्हा लागू झाली त्यांच्यातले निम्म्याहून जास्त योजनेबाहेर गेले, आणि रोजगारात दखल घ्यावी अशी वाढ झाली नाही.

मुलांच्या बाबतीत शाळेतलं जेवण ही वेगळीच गोष्ट आहे, कारण ते घराच्या हिशेबात न शिरता थेट ताटात पडतं. घरी त्या मुलाचा घास कमी करतील, अशी शंका असते. मध्य प्रदेशातल्या एका अभ्यासात तसं दिसलं नाही. शाळेच्या दिवशी मुलांची उष्मांकांची तूट जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाली आणि प्रथिनांची पूर्ण भरून निघाली. आंध्रातल्या अभ्यासात दुष्काळाने लहान मुलांच्या वाढीवर झालेला आघात शाळेच्या जेवणाने भरून काढल्याचं दिसतं.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक मर्यादा सांगायलाच हवी. भूक कमी होणं आणि पोषण सुधारणं या दोन गोष्टी एकत्र चालतीलच असं नाही. चीनच्या हुनान आणि गान्सू प्रांतांत गरीब घरांना मुख्य धान्यावर सूट दिली तेव्हा पोषण सुधारलं नाही. सुटलेला पैसा चवीच्या अन्नाकडे वळला. त्या घरांना ते हवं होतं, आणि त्यात गैर काही नाही, पण रक्तक्षय किंवा मुलांची खुंटलेली उंची धान्याच्या गोणीने सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्याला डाळ, दूध, अंडी, स्वच्छ पाणी, आईची प्रकृती असं बरंच लागतं. देशपातळीवरही एकटी योजना पुरत नाही. ब्राझीलने २००३पासून ‘शून्य भूक’ मोहिमेत रोख मदत, शाळेतलं जेवण, छोट्या शेतकऱ्यांकडून खरेदी आणि किमान वेतनवाढ हे एकत्र चालवलं आणि २०१४मध्ये देश संयुक्त राष्ट्रांच्या भूक-नकाशाबाहेर, म्हणजे भुकेचं प्रमाण मोठं असलेल्या देशांच्या यादीबाहेर पडला. नंतर मंदी आली, योजना आकसल्या, महासाथ आली, आणि तो पुन्हा नकाशावर आला. २०२५मध्ये परत बाहेर पडला.

तुम्हाला एखादी योजना तपासायची असेल तर वाटपाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी सगळ्यांच्या घरी असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जा. माप किती मिळायला हवं हे घरातल्या बाईला तोंडपाठ आहे का, मागच्या सहा महिन्यांत किती वेळा ठरलेल्या दिवशी मिळालं, एका वेळेसाठी किती खेपा झाल्या, एवढं विचारा. मग त्याच वस्तीतली कार्ड नसलेली घरं शोधा. ती यादीत सापडणार नाहीत. भाड्याने राहणारे, नुकते आलेले, एकटे म्हातारे, नाव कापलं गेलेले असे ते असतात, आणि त्यांचा पत्ता बहुधा उधारी देणाऱ्या दुकानदाराला ठाऊक असतो.